सध्या काय ऐकताय? आणि गॉरगट्सचा 'ऑब्सक्युरा' नेमका ऐकायचा कसा?

घुमारा

मंडळी, इथे डेथ मेटल, ब्लॅक मेटल असे हेवी मेटलचे टोकाचे प्रकार ऐकणारे बरेच जण आहेत हे जुने धागे वाचून कळलं म्हणून हा नवीन धागा काढतेय. सध्या जे ऐकताय ते लिहा, नुसती नावं नकोत, का आवडलं किंवा का नाही ते पण लिहा.

सुरुवात मीच करते. सध्या 'डेथ' या बँडचे अल्बम क्रमाने ऐकतेय, १९८७ च्या 'स्क्रीम ब्लडी गोअर' पासून १९९८ च्या 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' पर्यंत. सगळे 'सिम्बॉलिक'ला डोक्यावर घेतात आणि तो आहेच जबरदस्त, पण माझं मत 'ह्युमन'ला. १९९१ चा अल्बम, जेमतेम ३४ मिनिटांचा, आणि त्यात बँडचा म्होरक्या चक शुल्डिनरने सरळ सगळा रस्ताच बदलला. ड्रमवर शॉन रायनर्ट आणि गिटारवर पॉल मासविडाल हे 'सिनिक' बँडचे दोघं, बासवर स्टीव्ह डिजॉर्जिओ, त्यामुळे ड्रम नुसते धडधडत नाहीत, मधे मधे सुटे होतात, श्वास घेतात आणि परत येऊन आदळतात. एकच गोष्ट खटकायची, मूळ मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र बसवताना, बास जवळजवळ गाडलेला आहे. २०११ च्या रिइश्यूसाठी जिम मॉरिसने नव्याने मिक्स केलं त्यात तो बास वर आलाय आणि मला तरी तो अल्बम आत्ता कुठे पूर्ण ऐकल्यासारखा वाटला. 'कॉस्मिक सी' हे गाणं दोन्ही मिक्समध्ये लागोपाठ ऐकून बघा, मी काय म्हणतेय ते कळेल.

आता मुख्य प्रश्न. गॉरगट्स या बँडचा 'कलर्ड सँड्स' हा अल्बम मला पहिल्यांदाच आवडला, त्यामुळे मोठ्या उत्साहाने 'ऑब्सक्युरा' लावला आणि अडकले. रिफ (म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा) कुठे सुरू होते कुठे संपते कळत नाही, गिटार घासल्यासारखी, ओरबाडल्यासारखी वाजते, त्यावर तो घसा फाटेपर्यंतचा आवाज, आणि हे सगळं तासभर. ज्यांच्या कानावर माझा विश्वास आहे ते सगळे याला डेथ मेटलमधला सगळ्यात मोठा अल्बम म्हणतात. मला तो सोडायचा नाहीये म्हणून विचारतेय, तुम्ही त्यात कुठून शिरलात? काय ऐकायचं, काय सोडून द्यायचं?

रिफखोर

मस्त धागा. 'ह्युमन'बद्दल पूर्ण सहमत, बासबद्दल तर डबल सहमत.

'ऑब्सक्युरा'बद्दल मात्र मी सरळ बोलतो, मला तो पटत नाही. कौतुक वाटतं, मेहनत दिसते, पण अल्बम संपला की डोक्यात एकही रिफ राहत नाही आणि डेथ मेटलमध्ये माझी पहिली परीक्षा तीच आहे. ऐकून झाल्यावर दोन तासांनी ती रिफ आपोआप तोंडात आली पाहिजे.

या परीक्षेत माझ्याकडे एक नंबर आजही मॉर्बिड एंजलचा 'आल्टर्स ऑफ मॅडनेस'. १९८९, मॉरिसाउंड स्टुडिओ, टँपा. पहिलंच गाणं 'इमॉर्टल राइट्स', सुरुवातीला रिफ चक्क उलटी वाजते, टेप मागे फिरवलेली, आणि मग तीच सुलटी होऊन अंगावर येते, इतक्या साध्या गोष्टीने पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळा माहोल तयार. गिटारिस्ट ट्रे अझॅगथॉथचे सोलो तर असे की सूर कुठून आला आणि कुठे गेला पत्ता लागत नाही, म्हणजे तुम्ही 'ऑब्सक्युरा'त जो गोंधळ म्हणताय तो इथेही आहेच, पण खाली रिफ घट्ट धरून ठेवलेली असते म्हणून सोलो कितीही उधळला तरी चालतो. आणि ड्रमर पीट सँडोव्हल. त्याच वर्षी त्याने टेररायझर बँडच्या 'वर्ल्ड डाउनफॉल'वर पण वाजवलंय, एका वर्षात असे दोन अल्बम, काय बोलणार यावर.

दुसरा सध्या सतत चालू असलेला म्हणजे एन्टूम्ड बँडचा 'लेफ्ट हँड पाथ', १९९०. तो गिटारचा टोन माहिती असेलच सगळ्यांना पण नवीन लोकांसाठी सांगतो, बॉस कंपनीचं एचएम-२ नावाचं पेडल, त्यावर चार नॉब, लेव्हल, लो, हाय आणि डिस्टॉर्शन, आणि चारही शेवटपर्यंत फिरवायचे. बस. कुठल्याही शहाण्या गिटारिस्टने असं केलं नसतं कारण आवाज फाटतो, पण स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत निर्माता टॉमस स्कॉग्सबर्गने तो फाटलेला आवाजच मधोमध ठेवला आणि अख्ख्या स्वीडिश डेथ मेटलचा चेहरा तिथे ठरला. डिस्मेंबरचा 'लाइक अ‍ॅन एव्हर फ्लोइंग स्ट्रीम' त्याच स्टुडिओतला, पुढच्याच वर्षीचा. 'लेफ्ट हँड पाथ'च्या टायटल ट्रॅकच्या शेवटी जी संथ धून येते ती 'फँटॅझम' या भयपटाच्या संगीतातली आहे, आणि तिथे वेग एकदम उतरतो तेव्हा दरवेळी काटा येतो अंगावर.

तर घुमारा, माझा सल्ला, नाही आवडला तर जबरदस्ती करू नका. ऐकायला इतकं काही पडलंय.

सातमात्रा

रिफखोर, 'एकही रिफ राहत नाही' हे मला मान्य नाही भाऊ. राहतात, फक्त गुणगुणता येत नाहीत, कारण त्या सुराच्या रिफ नाहीत, त्या पोताच्या रिफ आहेत.

घुमारा, नीट लिहितो कारण हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती कळली की ऐकणं बदलतं. गॉरगट्स क्विबेकचे. पहिले दोन अल्बम, १९९१ चा 'कन्सिडर्ड डेड' आणि १९९३ चा 'द इरोजन ऑफ सॅनिटी', हे त्या काळच्या डेथ मेटलच्या भाषेतच आहेत, दुसरा जरा जास्त वाकडा. मग लेबलने सोडून दिलं. डेथ मेटलची लाट तेव्हा ओसरत होती. 'ऑब्सक्युरा'ची गाणी त्या मधल्या वर्षांत तयार झाली, कुणी छापेल याची खात्री नसताना, आणि अल्बम बाहेर आला थेट १९९८ मध्ये. म्हणजे हे बाजाराकडे बघून लिहिलेलं संगीत नाहीच. चार माणसं एका खोलीत बसून ठरवतायत की ठरलेल्या रिफ नकोत, ठरलेले ब्लास्टबीट (ड्रमवरचे सलग अतिवेगवान ठोके) नकोत, गिटारमधून अजून कुठले आवाज निघतात ते बघू. लुक लेमे आणि स्टीव्ह हर्डल हे दोघंही गिटारिस्ट तारा घासतात, हार्मोनिक्स (तार हलकेच स्पर्शून निघणारे बारीक सूर) काढतात, टॅपिंग (बोटांनी तारेवर ठोकून वाजवणं) करतात, आणि ते सजावट म्हणून नाही, तीच मूळ रिफ असते.

आता कुठून शिरायचं. पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. 'क्लाउडेड'पासून करा. नऊ मिनिटांहून मोठं गाणं आहे आणि पूर्ण संथ, डूमच म्हणा, म्हणजे मेटलचा संथ, जड प्रकार. तिथे तीच गिटारची भाषा आहे पण इतक्या हळू की एकेक आवाज वेगळा दिसतो. कॉर्ड वाजते, त्यातले दोन सूर एकमेकांना घासत थरथरतात आणि विझेपर्यंत तुम्हाला वेळ मिळतो. ही थरथर एकदा ओळखीची झाली की बाकीच्या वेगवान गाण्यांत पण तीच सापडायला लागते. मग 'अर्थली लव्ह', त्यात लेमेने वाजवलेला व्हायोला आहे, आणि तो गोड करायला घातलेला नाही, तो गिटारइतकाच खरखरीत आहे. त्यानंतर टायटल ट्रॅक.

दुसरी गोष्ट, गिटारच्या मागे लागू नका, बास ऐका. स्टीव्ह क्लूटिएचा बास या अल्बममध्ये स्वच्छ ऐकू येतो, ९० च्या दशकातल्या डेथ मेटलमध्ये हे विरळाच. गिटार हवेत काहीतरी करत असतात तेव्हा गाणं पुढे ढकलायचं काम बास आणि ड्रम करतात. सम कुठे येते ते पाय ठोकत शोधा, सापडते. मोजणी वाकडी आहे पण पक्की आहे, एक तुकडा आला की तो चार वेळा, आठ वेळा परत येतो, म्हणजे तुम्हाला वाटतंय तितका हा विस्कळीत नाहीच, उलट भयंकर शिस्तीचा आहे.

तिसरं, दोन आवाज आहेत हे लक्षात ठेवा. लेमेचा तो छातीतून फुटणारा, आणि हर्डलचा वेगळा, जास्त चिरका. हर्डल २०१२ मध्ये गेला. २०१३ चा 'कलर्ड सँड्स' तुम्हाला लगेच आवडला कारण त्यात हीच भाषा बरीच मोकळी केलीय, केव्हिन हफनागेल, कॉलिन मार्स्टन आणि जॉन लाँगस्ट्रेथ असे वेगळे लोक आहेत, आवाज मोठा आणि खोल आहे, विषय तिबेटचा आहे, मधे 'द बॅटल ऑफ चॅम्डो' हा नुसत्या तंतुवाद्यांचा तुकडा आहे, कानाला जागा मिळते. 'ऑब्सक्युरा' जागा देत नाही, ती आपण करून घ्यायची.

आणि कृपया हा अल्बम फोनच्या स्पीकरवर किंवा काम करता करता ऐकू नका. हेडफोन, आणि समोर दुसरं काही नको.

रिफखोर

सातमात्रा, पोताच्या रिफ ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे, मान्य. पण मग माझा प्रश्न, जे गाणं ऐकायला आधी इतिहास वाचावा लागतो, बास वेगळा काढावा लागतो, गाण्यांचा क्रम बदलावा लागतो, ते गाणं म्हणून कमी पडतंय की नाही? 'आल्टर्स'ला असं काहीच लागत नाही, प्ले दाबा, झालं.

सातमात्रा

तू 'आल्टर्स' पहिल्यांदा ऐकलास तेव्हा थ्रॅश (डेथ मेटलच्या आधीचं वेगवान मेटल) आधीच कानात होता म्हणून प्ले दाबून झालं. ज्याने आयुष्यात कधी डिस्टॉर्शन ऐकलं नाही त्याला 'आल्टर्स' लावून दे, तो पण हेच विचारेल की रिफ कुठे सुरू होते. प्रत्येक अल्बमच्या आधी काहीतरी ऐकलेलं असावं लागतं, 'ऑब्सक्युरा'च्या आधी जरा जास्त लागतं इतकंच.

बर्फवाट

तुमचं चालू द्या, मी जरा उत्तरेकडे नेतो धागा.

मी सध्या दोनच अल्बम आलटून पालटून ऐकतोय, दोन्ही नॉर्वेचे, दोन्ही १९९४ चे, आणि आवाजाच्या बाबतीत एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध. एक डार्कथ्रोनचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' आणि दुसरा मेहेमचा 'दे मिस्टेरीस दोम सातानास'.

'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर केला, गिटार, बास, ड्रम सगळं एकट्याने, आवाज तेवढा नॉक्टर्नो कुल्टोचा. ड्रम जवळजवळ अख्खा अल्बमभर एकाच चालीत, फिल (मधले भरणीचे छोटे तुकडे) नाहीत, बदल नाही, बास कुठे आहे शोधावा लागतो. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तो अल्बम इतका धरून ठेवतो. ड्रम हलत नाहीत म्हणून कान आपोआप गिटारवर जातो आणि मग कळतं की या रिफ किती सुरेल आहेत, उदास आहेत. टायटल ट्रॅकची मुख्य रिफ घ्या, तानपुरा जसा मागे एकसंध चालू राहतो तशी ती ट्रेमोलो, म्हणजे तार सलग भराभर छेडणं, चालू राहते आणि तिच्या आत सूर एकेक पायरी सरकतो. रिफखोरच्या गुणगुणण्याच्या परीक्षेत हा अल्बम सहज पास होतो, करून बघ.

लोक म्हणतात रेकॉर्डिंग वाईट आहे. वाईट नाही, ठरवून केलेलं आहे. याच बँडचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' सनलाइट स्टुडिओत झालाय, स्वच्छ डेथ मेटल, त्यांना ते येत होतं. त्यांनी ते सोडलं.

'दे मिस्टेरीस' मात्र बर्गनच्या ग्रीगहॉलेन या सभागृहात रेकॉर्ड झाला, पिटन या साउंड इंजिनिअरबरोबर, आणि त्या जागेचा मोठेपणा हेलहॅमरच्या ड्रममध्ये ऐकू येतो. बासड्रमला घुमारा आहे पण प्रत्येक ठोका वेगळा. गिटार अनेक थरांची, थंड. आणि त्यावर अटिला चिहारचा आवाज, जो धड किंचाळणं नाही धड गाणं नाही, मंत्र पुटपुटल्यासारखा, मधेच गिळल्यासारखा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज खटकतो, मला आता त्याच्याशिवाय तो अल्बम कल्पनेतही येत नाही.

ऐकूनबघते

बर्फवाट, 'दे मिस्टेरीस'बद्दल एक विचारायचं होतं. संगीत मला पण प्रचंड आवडतं पण त्यामागे जे घडलंय ते माहीत असताना तुम्ही ऐकता कसे? खून झालेला गिटारिस्ट आणि खून करणारा बासिस्ट एकाच अल्बमवर. मला दरवेळी 'फ्रीझिंग मून' लावताना जरा अडखळायला होतं.

बर्फवाट

प्रश्न रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गिटारिस्ट युरोनिमसचा ऑगस्ट १९९३ मध्ये खून झाला, अल्बम तेव्हा बाहेर यायचा होता. खून करणाऱ्या वर्ग विकरनेसनेच अल्बमवर बास वाजवलाय आणि त्याला पुढे २१ वर्षांची शिक्षा झाली. युरोनिमसच्या आईवडलांनी तो बास काढून टाका अशी विनंती केली होती, हेलहॅमरने तो तसाच राहू दिला. आणि बरेचसे शब्द ज्याचे आहेत तो आधीचा गायक डेड, त्याने १९९१ मध्येच आत्महत्या केली होती.

माझं म्हणणं असं की या गोष्टींचं जे कौतुक होतं ना, टीशर्टवर, फोटोंवर, 'किती खरे लोक होते' वगैरे, ते मला सहन होत नाही. तीन तरुण मुलांची आयुष्यं गेली किंवा वाया गेली यात कसलाही मोठेपणा नाही. चर्च जाळण्यात पण नाही. मी तो अल्बम हेलहॅमरच्या ड्रमसाठी, त्या रिफसाठी आणि अटिलासाठी ऐकतो. विकरनेसचं स्वतःचं संगीत मी ऐकत नाही आणि त्याच्या विचारांना पैसे जातील असं काही विकत घेत नाही. दुसऱ्या कुणी वेगळी रेघ ओढली तर मी वाद घालणार नाही, पण रेघ कुठेतरी ओढावी लागतेच. ब्लॅक मेटलमध्ये द्वेषाचं राजकारण करणारे बँड आहेत आणि 'आम्ही फक्त संगीत ऐकतो' म्हणून त्यांना जागा द्यायची मला गरज वाटत नाही, चांगलं संगीत करणारे दुसरे शेकड्याने आहेत.

ऐकूनबघते

धन्यवाद, सविस्तर लिहिलंत. माझी पण साधारण हीच रेघ आहे, फक्त ती शब्दांत मांडता येत नव्हती.

दोनकाठ्या

ड्रम वाजवणारा माणूस इथे हजर आहे :)

सध्या अल्सरेट. दिवसरात्र अल्सरेट. न्यूझीलंडचे तिघं, २०२० चा 'स्टेअर इन्टू डेथ अँड बी स्टिल' आणि २०२४ चा 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड'. ड्रमर जेमी सेंट मेराट, तोच रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग बघतो, कव्हरचं काम पण त्याचंच.

घुमारा, तुम्ही 'ऑब्सक्युरा'साठी रस्ता शोधताय ना, माझ्या मते 'स्टेअर इन्टू डेथ' हाच तो रस्ता. बेसूर कॉर्डची तीच परंपरा पण इथे त्या कॉर्डच्या खाली दुःख आहे, सरळ कळणारं दुःख, त्यामुळे कान बिचकत नाही. आधीचे अल्बम, म्हणजे 'द डिस्ट्रॉयर्स ऑफ ऑल' वगैरे, जास्त बंद आहेत, भिंत अंगावर येते. २०२० च्या अल्बमपासून त्यांनी सुरावट पुढे आणली आणि काही जुने चाहते नाराज झाले, मला तर तिथेच ते मोठे झाले असं वाटतं.

ड्रमबद्दल एक सांगतो कारण बरेच जण ब्लास्टबीट म्हटलं की सगळं एकच समजतात. साधा जो पारंपरिक ब्लास्ट त्यात पाय (म्हणजे बासड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) आळीपाळीने, सिंबल (झांज) पायाबरोबर. हॅमर ब्लास्टमध्ये स्नेअर, सिंबल, बासड्रम सगळं एकदम एका ठोक्यावर. बॉम्ब ब्लास्टमध्ये हात साधारण तेच पण खाली डबल बास दुप्पट वेगाने. कानाला फरक असा की पहिला ढकलतो, दुसरा ठोकतो, तिसरा सगळं दाबून टाकतो. आता सेंट मेराट काय करतो, तो एकाच गाण्यात यांच्यामध्ये असा सरकतो की जोड दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे आवाजाची पातळी बदलतो. बहुतेक एक्स्ट्रीम मेटलमध्ये प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा, कारण ट्रिगर (ठोक्याच्या जागी साठवलेला आवाज वाजवणारी यंत्रं) लावलेले असतात किंवा मिक्समध्ये सपाट केलेलं असतं. इथे तो स्नेअर हलकेच मारतो, टॉमवर हळू फिरतो, मग वाढवत नेतो. इतक्या वेगात हात हलका ठेवणं हे वेगात जोरात मारण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. जे वाजवतात त्यांना विचारा.

'ड्रॉन इन्टू द नेक्स्ट व्हॉइड' लावा आणि फक्त सिंबल ऐका. राइडवर (मोठ्या सिंबलवर) काठी कुठे पडतेय, मधोमधच्या उंचवट्यावर की कडेला, तेवढंच. बाकी सगळं आपोआप उलगडतं.

रिफखोर

दोनकाठ्या +१. अल्सरेटचा हा अल्बम मला पण आवडतो, आणि यात रिफ डोक्यात राहतात हे नमूद करतो.

बरं, ब्लड इन्कँटेशन बँडच्या 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'वर काय मत लोकांचं? २०२४ च्या वर्षअखेरच्या यादीत सगळीकडे तोच होता. मला त्यांचा आधीचा 'हिडन हिस्टरी ऑफ द ह्युमन रेस' जास्त भावला, ३६ मिनिटांत काम तमाम. या नव्यात डेथ मेटल चालू असतं आणि मधेच ७० च्या दशकातलं सिंथवालं प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) सुरू, मग परत डेथ मेटल. चांगलं आहे, पण जोडकाम दिसतं.

सातमात्रा

मला उलट वाटतं. दोनच गाणी आहेत, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येकी तीन भाग, आणि ते एका बैठकीत ऐकलं तर जोड मुद्दाम दाखवलेत हे कळतं. बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन केलाय, टँजरीन ड्रीम या सिंथवाल्या जुन्या बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात आहे, म्हणजे सिंथचा भाग वरून शिंपडलेला नाही, ज्या बँडने ती भाषा घडवली त्यांच्याकडे जाऊन आणलेली आहे. २०२२ मध्ये यांनी 'टाइमवेव्ह झिरो' हा पूर्ण अँबियंट (नुसत्या वातावरणाच्या संगीताचा) अल्बम काढला होता तेव्हा लोक चिडले होते, पण तो केला नसता तर हा झाला नसता असं माझं मत.

एक मान्य करतो, 'द मेसेज'मधलं स्वच्छ आवाजातलं गाणं मला थोडं पातळ वाटतं. तिथे अजून वजन हवं होतं.

रिफखोर

बघा, कुठेतरी एकमत झालं. 'द स्टारगेट'चा तिसरा भाग मात्र निर्विवाद, त्यातल्या रिफ पहिल्या फटक्यात डोक्यात बसतात.

संथवाहते

उशिरा आले धाग्यावर. सगळे इतक्या वेगात आहात म्हणून जरा दुसऱ्या टोकाचं सांगते, कारण एक्स्ट्रीम म्हणजे फक्त वेग नाही.

बेल विच, 'मिरर रीपर', २०१७. एकच गाणं, ८३ मिनिटांचं. बँडमध्ये दोनच माणसं, बास आणि ड्रम, गिटार नाहीच. यांचा आधीचा ड्रमर आणि गायक एड्रियन गेरा २०१६ मध्ये गेला, आणि या अल्बममध्ये एका ठिकाणी त्याचा जुना रेकॉर्ड केलेला आवाज वापरलाय. तो भाग कुठे येतो ते मी सांगत नाही, स्वतः ऐका. दोन ठोक्यांमध्ये इतकं अंतर असतं की मधल्या वेळात बासचा सूर हळूहळू रंग बदलताना ऐकू येतो. मी हा अल्बम घरातलं कुणीतरी गेल्यानंतरच्या काळात खूप ऐकला आणि त्याने जे केलं ते कुठल्याही सांत्वनाच्या गाण्याने केलं नाही, कारण तो समजूत घालत नाही, नुसता बरोबर बसून राहतो.

तांत्रिक बाजूने म्हणाल तर इतक्या हळू वाजवताना लय धरून ठेवणं ही गोष्ट दोनकाठ्या नीट सांगू शकतील. २०२३ मध्ये यांचा 'द क्लँडेस्टाइन गेट' आला, तो पण ८३ मिनिटांचं एकच गाणं, तीन भागांतला पहिला. तो मला अजून उमगतोय, घाई नाही.

दोनकाठ्या

संथवाहते, सॉरी फॉर युअर लॉस. आणि हो, लयीबद्दल बरोबर बोललात. वेगात चूक झाली तर पुढच्या ठोक्यात लपते. इतक्या संथ लयीत ठोका केसभर आधी पडला तरी सगळ्यांना दिसतो. मी एकदा बँडबरोबर असं एक गाणं बसवायला घेतलं होतं, शेवटी प्रत्येकाने मधल्या मात्रा मनात चार चार तुकडे करून मोजायला सुरुवात केली तेव्हा कुठे एकत्र पडायला लागलं.

घुमारा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सातमात्रा, तुम्ही सांगितलं तसं 'क्लाउडेड'पासून केलं, हेडफोन लावून, दिवे बंद करून. ती थरथर सापडली! पहिल्या दोन मिनिटांत जी कॉर्ड परत परत येते ती दरवेळी संपताना थोडी वेगळी विझते, कधी तार घासल्याचा आवाज मागे राहतो, कधी एकदम तुटते, आणि मग मला हे पण जाणवलं की मी इतके दिवस कॉर्ड कधी सुरू होतेय तेच ऐकत होते, ती संपते कशी हे ऐकतच नव्हते. 'अर्थली लव्ह'चा व्हायोला अंगावर आला. बासच्या मागे लागून टायटल ट्रॅक पण ऐकला, पाय ठोकत, अर्ध्या ठिकाणी सम सापडली, अर्ध्या ठिकाणी नाही. तरी त्या गाण्यातला आवाज मला अजून जड जातो, तो मी सध्या बाजूला ठेवून वाद्यंच ऐकतेय.

रिफखोर, तुमचा मुद्दा पण पटतो हो, 'आल्टर्स' लावला की काहीच करावं लागत नाही. पण मला दोन्ही हवंय.

दोनकाठ्या, राइडची काठी ऐकायला लागले आणि आता सगळ्या अल्बममध्ये तेच ऐकू येतंय, डेथच्या 'सिम्बॉलिक'मध्ये जीन होगलनचं राइडवरचं काम इतकं बारीक आहे हे आत्ता कळतंय, त्यामुळे 'ह्युमन' की 'सिम्बॉलिक' हे माझं मत डळमळायला लागलंय.

आता पुढचा प्रश्न, डेमिलिच बँडचा 'नेस्पिथे' सगळीकडे सुचवला जातोय, 'ऑब्सक्युरा'च्या शेजारी ठेवतात लोक. तो घेऊ का लगेच?

सातमात्रा

घ्या, लगेच घ्या. फिनलंडचे, १९९३ चा, म्हणजे 'ऑब्सक्युरा'च्या पाच वर्षं आधीचा आणि त्यांचा एकमेव अल्बम. ४० मिनिटांच्या आतला. रिफ वाकड्या आहेत, गाण्यांची नावं तर ओळीएवढी लांब, पण ऑब्सक्युरासारखा ओरबाडत नाही, हा सरपटतो, वळसे घेतो, आणि कमालीचा पकड घेणारा आहे. रिफखोर, तुझ्या परीक्षेत पण बसेल.

आवाजाची तयारी ठेवा. अँटी बोमनचा आवाज इतका खालचा, घशाच्या तळातून आलेला आहे की ऐकणाऱ्याला मशीन लावलंय असं वाटतं. काहीही इफेक्ट वापरलेला नाही. तो आवाज शब्द म्हणून ऐकू नका, आणखी एक बास समजून ऐका.

पहिलंच गाणं, 'व्हेन द सन ड्रँक द वेट ऑफ वॉटर'. इथे क्रम बदलायची गरज नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ ऐका.

रिफखोर

'नेस्पिथे' मला आवडतो. तुम्ही कुणी विचारलंच नाही :)

घुमारा, ऐकलात की इथेच लिहा, 'सिम्बॉलिक'बद्दलचं नवीन मत पण. आणि सातमात्रा, या वीकेंडला मी 'क्लाउडेड' एकदा नीट ऐकणार आहे, फक्त ते एकच गाणं, पूर्ण अल्बमचं वचन देत नाही.